एक कोयता, दोन माणसं

पावसाळा ओसरू लागला की खांडबारा-नवापूर पट्ट्यातल्या पाड्यांवर मुकादमाच्या मोटारसायकली फिरायला लागतात. शेतातलं भात अजून हिरवं असतं, घरातली कणगी तळाला गेलेली असते आणि हातात रोकड नसते. मुकादमाला हे सगळं ठाऊक असतं, कारण बहुतेक वेळा तो आसपासच्याच गावातला, नात्यागोत्यातला असतो. त्याचा प्रश्न एकच : यंदा किती कोयते? एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. जोडीतलं एकटंच माणूस निघालं तर अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, टोळी कोयत्यांत मोजतात आणि हंगाम संपल्यावरचा हिशेबही कोयत्यावारीच होतो. गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या वह्यांत आणि मराठवाड्यातल्या मुकादमांच्या डायऱ्यांत एवढी एक गोष्ट सारखी आहे.

हाताएवढ्या लोखंडी पात्याच्या नावावर दोन जितीजागती माणसं कशी चढली, याची गोष्ट सांगायची तर साखरेच्या बरंच मागे जावं लागतं.

खांडबारा हे ताप्ती खोऱ्यातल्या रेल्वेमार्गावर नंदुरबार आणि नवापूर यांच्या मधलं स्टेशन. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ पूर्वी ते धुळ्यात होतं, आणि १९०६ मध्ये खानदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला होता. वस्ती मावची, गावित, कोकणी, भिल्ल अशी. दक्षिणेला डांगचं जंगल, पश्चिमेला सुरतेची बाजू. इथल्या घरात पात्याची हत्यारं नेहमीच दोन-चार असायची आणि प्रत्येकाचं काम वेगळं असायचं. भात आणि नागली कापायला विळा. बांबू, टहाळ, कुंपणाच्या काट्या तोडायला कोयता. मोठ्या लाकडाला कुऱ्हाड. आणि लांब बांबूच्या दांड्याला वाकडं पातं बसवलेला धाऱ्या, जो झाडावरच्या फांदीपर्यंत पोचतो, काटेरी झुडूप अंगाशी न येऊ देता ओढून कापतो आणि भांडण पेटलं तर दोन हात लांबूनच समोरच्याला थोपवतो. शिकारीला तीरकामठा होताच. कमरेला किंवा खांद्याला यातलं काही ना काही असल्याशिवाय माणूस जंगलात शिरत नसे. त्यात शौर्याचा काही भाग नव्हता. वाट काढायलाच पातं लागायचं.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा त्यांना हीच गोष्ट खुपली. घाटवाटा भिल्ल नाईकांच्या हातात होत्या आणि प्रत्येक माणूस हत्यारबंद होता. आधी पलटणी पाठवून पाहिल्या, मग मार्ग बदलला. १८२५ मध्ये जेम्स आऊट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारायला घेतली. ज्यांच्या तीरकामठ्याची भीती, त्यांनाच बंदूक आणि पगार देऊन बाकीच्यांवर पहारा ठेवायला लावायचा, ही त्यातली युक्ती. ती बऱ्यापैकी चालली. आऊट्रमला पुढे मोठी कीर्ती मिळाली. पण कीर्तीपेक्षा आपल्याला इथे रस आहे तो सरकारला पडलेल्या पेचात. पातं बाळगणारा माणूस त्यांना धोकादायक वाटत होता, आणि त्याच माणसाशिवाय त्यांचं कामही होत नव्हतं.

कारण सागवान. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारने डांगच्या राजांकडून जंगलाचे भाडेपट्टे लिहून घेतले. मुंबईच्या गोदीला जहाजं बांधायला सागवान हवा होता. पुढे रेल्वे आली आणि स्लीपरांची भूक सुरू झाली. हे लाकूड तोडणार कोण? त्याच पाड्यांवरचे, तीच कुऱ्हाड खांद्यावर टाकणारे लोक. ठेकेदाराच्या मजुरीवर चालली की ती कुऱ्हाड कामाची. घराच्या आढ्यासाठी किंवा शेतात राब भाजण्यासाठी चालली की गुन्ह्याची.

१८७८ साल या गोष्टीत लाल शाईने लिहून ठेवावं असं आहे. त्या एका वर्षात हिंदुस्थान सरकारने दोन कायदे केले : सातवा कायदा जंगलाचा, अकरावा हत्यारांचा. हत्यार कायद्याच्या व्याख्येत तोफा, बंदुका, तलवारी, भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणही बसवला होता. म्हणजे पाड्यावरचा तीरकामठा कागदावर तोफेच्या पंक्तीला गेला. कुऱ्हाड, कोयता आणि विळा या यादीत नव्हते. त्यांना दुसऱ्या कायद्याने गाठलं. राखीव जंगलात गुन्हा झाल्याचा संशय आला तर मालाबरोबर त्यासाठी वापरलेली अवजारं, नावा, गाड्या आणि गुरंढोरं जप्त करायचा अधिकार वन अधिकाऱ्याला आणि पोलिसाला मिळाला. हीच तरतूद १९२७च्या वन कायद्यात कलम ५२ म्हणून उतरली. गाडी-बैल असणारे थोडे होते. बहुतेकांच्या बाबतीत जप्त होण्यासारखी वस्तू एकच असायची, ती म्हणजे हातातलं अवजार. दंड भरायला पैसे नसलेल्या माणसाची कुऱ्हाड नेली की नवी घडवून घेईपर्यंत त्याचं सगळंच काम अडायचं. नाक्यावर अवजार जप्त होण्याच्या गोष्टी या भागात जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात, आणि त्यात दंडाच्या रकमेपेक्षा कुऱ्हाडीचं दुःख जास्त असतं.

एकोणिसावं शतक संपता संपता ताप्ती खोऱ्यातली रेल्वे सुरतेकडून अंमळनेरकडे सरकत आली आणि नेमक्या त्याच वेळी छप्पनियाचा दुष्काळ पडला, १८९९-१९००चा. धान्य नेण्या-आणण्याची सोय आणि धान्याची टंचाई एकाच हंगामात दाराशी आली. रेल्वेने या मुलखाला सुरत जवळ केली. त्या वेळी फार कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण खांडबारा, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली ही नावं तेव्हापासून एका रुळावर ओवली गेली. पुढच्या शतकात माणसं याच दिशेने जाणार होती.

साधारण याच काळात युरोपात खिशातलं पातं वेगळ्या वाटेने निघालं होतं. शेफील्डचे चाकू जगभर जात होतेच. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कार्ल एल्सनरने आपल्या सैन्याला घडीचे चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. पातं, डबा फोडायची चावी, स्क्रू-ड्रायव्हर, बूच काढायचं मळसूत्र, सगळं एका मुठीत. जवळपास शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या टिम लेदरमनने त्यात पक्कड बसवली आणि मल्टीटूल नावाचा नवा प्रकार बाजारात आला. आपल्याकडेही खिशातल्या हत्याराची परंपरा नव्हती असं नाही. चंचीतला अडकित्ता होता, आणि एका कडीत ओवलेलं दातकोरणं, कानकोरणं आणि चिमटा करगोट्याला लटकवणारे आजोबा अनेक घरांत होऊन गेले. पण या वस्तू बसल्या जागच्या. खानदेशातल्या डोंगरात बहुपयोगी अवजाराची कल्पना उलटी होती : एकच पातं, आणि त्याचे दहा उपयोग करणारा हात.

स्वातंत्र्यानंतर ताप्तीच्या पाण्याने चित्र पालटलं. पन्नाशीच्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, कालवे निघाले आणि बारडोलीची काळी जमीन ओलिताखाली आली. १९२८च्या सत्याग्रहाने गाजलेल्या बारडोलीत त्याच दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं. त्याचा फुगवटा महाराष्ट्रात, नवापूर-नंदुरबारच्या बाजूलाही आला. या बाजूची गावंही उठली. पाणी इकडे चढलं आणि ऊस तिकडे वाढला. त्या उसाला तोडणारे हात मग याच बाजूने, त्याच रेल्वेने आणि ट्रकने जाऊ लागले.

यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ दक्षिण गुजरातेत १९६२ पासून काम करत होते. सत्तरीच्या दशकात त्यांनी बारडोलीच्या कारखान्यांची ऊसतोड जवळून पाहिली आणि १९७८ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यातला मुद्दा कारखानदारांना झोंबणारा होता. बारडोलीच्या आसपास हळपती भूमिहीन मजूर हजारोंनी असताना कारखाने धुळे जिल्ह्यातून खानदेशी टोळ्या का आणतात? ब्रेमन यांचं उत्तर असं की लांबून आणलेला, उचलीने बांधलेला माणूस रात्री-अपरात्री कामाला उठवता येतो आणि हंगाम संपेपर्यंत पळून जाऊ शकत नाही. स्थानिकाला घर जवळ असतं, आणि घर जवळ असलेला माणूस नाही म्हणू शकतो. मजुरीचा मोठा भाग हंगामाच्या शेवटी, मधल्या काळात पोटापुरती खावटी, आणि उचल फेडताना अनेकदा दिडीचा, म्हणजे घेतलेल्याच्या दीडपटीचा, हिशेब. टोळीतल्या कामाच्या घटकाला कोयताच म्हणत होते, हेही त्यांनी नोंदवलं. पुरुष तोडणार, बाई सोलून मोळी बांधणार, हाताशी आलेलं पोर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेचणार. पण नाव कोयत्याचं, आणि खातं पुरुषाचं. बाईच्या कामाला या मापात वेगळा आकडाच नाही. मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोठी गोम इथे वाटते.

आता त्या पात्याकडेच जरा नीट पाहू.

ऊस कुठे तोडायचा हे साखरेवर ठरतं. साखर सर्वांत जास्त बुडख्यात असते, शेंड्याकडे ती कमी होत जाते. म्हणून कारखान्याला ऊस जमिनीलगत छाटलेला हवा आणि वाढं उडवलेलं हवं. एक घाव बुडख्याला, मग पात्याच्या पाठीने किंवा धारेने पाचट खरवडणं, एक घाव शेंड्याला. एका टनात ढोबळ मानाने सातशे ते हजार ऊस बसतात; म्हणजे टनामागे दोन-तीन हजार घाव, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक पहिला घाव मातीला चाटून जातो. सरीतला खडा, मागच्या तोडीचा वाळका खुंट, ठिबकाच्या नळीला लावलेली तार, हे सगळं धारेला भेटतं. स्वयंपाकघरातली उत्तम सुरी इथे तासाभरात कामातून जाईल.

म्हणून कोयत्याचं पोलाद ट्रकमधून येतं. सुरत-धुळे रस्त्यावर चालणाऱ्या ट्रकची कमान तुटली की तिचा पाटा भंगारात जातो आणि तिथून लोहाराकडे. या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक कार्बन असतो. साध्या सळईच्या लोखंडात तो इतका कमी असतो की पाणी पाजलं तरी ते कडक होत नाही. कमानीचा पाटा मात्र मुळातच वाकून परत सरळ व्हायला बनवलेला. लाखो हिसके खाऊन तुटलेला असला तरी त्यातला न तडकलेला तुकडा अजून मजबूत असतो.

खानदेशात हे काम गावच्या लोहारांबरोबर गाडीलोहारही करतात. चितोड पडल्यावर घरात राहायचं नाही अशी शपथ घेऊन निघालेले हे लोक, अशी त्यांची सांगी. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर परत नेलं आणि शपथ सुटल्याचं जाहीर केलं. गाडे मात्र त्यानंतरही रस्त्याकडेला उतरत राहिले. बाजाराच्या गावाबाहेर जमिनीत खड्डा करून भट्टी, हाताने फिरवायचा पंखा, मातीत गाडलेली ऐरण. पाटा तांबडा झाला की पुरुष तो सांडशीत धरतो, छिन्नी टेकवतो आणि बाई घण घालते. घण बाईने घालायचा हा त्यांचा रिवाज पाहणाऱ्याला चकित करतो, आणि तिचा नेम चुकत नाही हे आणखीच.

आकार आला, धारेची कड पातळ झाली की खरी परीक्षा. पातं पुन्हा तापवून नुसती धार पाण्यात किंवा तेलात बुडवायची. मग कड घासून उजळायची आणि मागच्या जाड भागातली उष्णता धारेकडे येताना बघत राहायचं. आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर थांबवायचं ही लोहाराची विद्या. पिवळ्यावर थांबवलं तर धार फार कडक, खड्यावर आपटली की तुकडा उडतो. निळ्याच्या पुढे गेलं तर मऊ, धार मुडपते. ऊसतोडीला जरा मऊच बरं, असं तोडकरी सांगतात. मुडपलेली धार फडात बसल्या बसल्या कानशीने सरळ करता येते. उडालेला तुकडा भरून येत नाही. टिकाऊपणा म्हणजे न झिजणं असं आपण धरून चालतो. फडात टिकाऊ कोयता तो, जो झिजतो पण शहाण्यासारखा झिजतो. कानशीने घासता घासता पातं अरुंद होत जातं, पल्लेदार घावाला लागणारं वजन कमी पडू लागतं, आणि मग तोच कोयता घरी बायकांच्या हाताखाली फाटी फोडायला, मासे साफ करायला येतो. मूठ त्याआधी दोन-तीनदा बदललेली असते. पक्क्या लाकडाची, तळाशी लोखंडी कडं घालून, टोक आत ठोकून गच्च केलेली. मूठ ढिली झालेला कोयता बोथट कोयत्यापेक्षा वाईट, कारण तो निसटला की पायावर येतो.

पडावावर उतरल्या उतरल्या पहिलं काम कोयत्याचंच. खोपीसाठी बांबू-काट्या तोडायच्या, पाचटाचं छप्पर कापून सारखं करायचं, चुलीसाठी जळण. मग पोत्याची शिवण उसवणं, एखाद्या दिवशी कोंबडी, चुलीची जागा खरवडून सपाट करणं, दोरी कापणं, आणि रात्री उशाला, साप-विंचवाच्या भीतीने. लेदरमन आपल्या अवजाराला पंचवीस वर्षांची हमी देते. कोयत्याला कुणी हमी देत नाही; बिघडला की तो परत आगीत जातो.

हे अवजार तोडकऱ्याने स्वतःचं आणायचं असतं. कारखाना गाळपाची यंत्रं घेतो, वाहतूकदार ट्रॅक्टर घेतो, बँका दोघांनाही कर्ज देतात. तोडणीतलं भांडवल तेवढं मजुराच्या कमरेला असतं, म्हणून ते कुणाच्या ताळेबंदात येत नाही. वर त्याच वस्तूच्या नावाने त्याची उचल बांधली जाते. जंगलातली कुऱ्हाड सरकार जप्त करत होतं. हा कोयता कुणी जप्त करत नाही, कारण तो मालकाच्याच कामाचा आहे. २०२३ च्या आगेमागे गुजरात सरकारने ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. दुप्पट म्हणजे पुष्कळ वाटतं. पण तो टन दोघांनी मिळून तोडायचा आणि भरायचा असतो, हे दराच्या आकड्यात दिसत नाही.

कायद्याच्या नजरेत कोयत्याची जागा अजूनही गमतीची आहे. १९५९च्या हत्यार कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं मोडतात; मात्र घरगुती, शेतीची, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. नांगराएवढाच निरुपद्रवी असा दर्जा कोयत्याला मिळाला तो या एका वाक्यामुळे. मग पुण्यात कोयते नाचवत दहशत माजवणारी टोळकी निघाली, वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कोयता गँग’ नाव दिलं, आणि २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं की कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवा. १८७८ च्या मंडळींना हे वाचून आपलंच कुणीतरी कारभार बघतंय असं वाटलं असतं. खेड्यातल्या माणसाला मात्र शहरात कोयता विकत घेताना ओळख सिद्ध करावी लागते याचं हसू आलं.

नवापूर तालुक्यात डोकारे इथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे. म्हणजे ऊस आता घरच्या तालुक्यातही तुटतो. तरी दिवाळीनंतर टोळ्या गुजरातेत जायच्या थांबलेल्या नाहीत. होळी हा इथला सर्वांत मोठा सण. ती घरी साजरी करायला मिळावी म्हणून फडावर महिनाभर आधीपासून मुकादमाशी घासाघीस चालते.

तोडणी यंत्रंही आली आहेत. रुंद सरी, सपाट आणि मोठं रान, उभा असलेला ऊस मिळाला तर एक यंत्र कित्येक टोळ्यांचं काम उरकतं. वाऱ्याने लोळलेला ऊस, गुंठ्यांत वाटलेली शेतं आणि बांधाबांधांवरची झाडं यांपुढे ते अडतं, आणि तिथे अजून मुकादमच येतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ९०० यंत्रांसाठी अनुदानाची योजना जाहीर झाली : किमतीच्या चाळीस टक्के किंवा ३५ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम. कोयत्याचं पातं, त्याची मूठ, दर हंगामाच्या कानशी आणि मूठ निसटली तर पायाला पडणारे टाके, हा खर्च बहुतेक वेळा अजून तोडकऱ्याच्याच खात्यावर पडतो, आणि उचलीतून तो आधीच झालेला असतो.